टर्की देशाची, तोंडीलावणं घराचं

नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी, म्हणजे थँक्सगिव्हिंगच्या दिवशी, दुपारी अमेरिकेतल्या एखाद्या गल्लीत दहा घरांमध्ये डोकावलं, तर बहुतेक घरांच्या ओव्हनमध्ये टर्कीच भाजली जात असलेली दिसेल. पक्षी तोच, भाजायची रीत थोड्याफार फरकाने तीच आणि चवही जवळपास तीच. टेबलावर टर्कीच्या भोवती मांडलेल्या भांड्यांवरची झाकणं उचलली, की मात्र दहा घरांच्या दहा गोष्टी सुरू होतात. एका घरात टर्कीच्या पोटात भरायचं स्टफिंग पांढऱ्या पावाचं, शेजारी मक्याच्या पावाचं. एकीकडे रताळ्यांवर मार्शमेलोचा थर, दुसरीकडे तो थर पाहून आजी नाक मुरडणार. टर्कीचा तुकडा चाखून घर ओळखता येणार नाही. भोवतालचे पदार्थ पाहिले, की त्या घरातली माणसं मूळची कुठली, त्यांच्या स्वयंपाकाची घडी कोणत्या दशकात बसली आणि घरात कोणाचा शब्द चालतो, हे बरंचसं कळतं.

थँक्सगिव्हिंगच्या जेवणातल्या या साइड डिश म्हणजे मराठी पानातल्या डाव्या बाजूसारख्या आहेत. मुख्य पदार्थाचा मान मोठा, पण पान आपल्या घरचं आहे की परक्याचं, हे डावी बाजूच ठरवते. अमेरिकी माणसाला या सणाच्या जेवणातलं सगळ्यात काय आवडतं असं विचारा. टर्कीचं नाव घेणारे असतात, तसेच स्टफिंग, ग्रेव्ही घातलेले कुस्करलेले बटाटे किंवा पम्पकिन पाई म्हणणारेही पुष्कळ. टर्की या सणाचं निमित्त आहे. या प्रकरणात आपण निमित्त बाजूला ठेवून भोवतालच्या भांड्यांकडे पाहणार आहोत, कारण अमेरिकेचा घरगुती इतिहास तिथे शिजलेला आहे.

सुरुवात मात्र १६२१ पासूनच करावी लागते. त्या वर्षीच्या शरद ऋतूत, आजच्या मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या प्लिमथ वसाहतीत इंग्रज वसाहतवाल्यांनी पहिलं पीक हाती आल्याच्या आनंदात मेजवानी केली. आदल्या वर्षी मेफ्लॉवर जहाजातून १०२ प्रवासी आले होते. पहिल्याच हिवाळ्यात त्यांतले निम्मे मेले. या मेजवानीचं आज उपलब्ध असलेलं समकालीन वर्णन म्हणजे एडवर्ड विन्स्लो याने लिहिलेल्या पत्रातला एक छोटा परिच्छेद. चार माणसं पक्ष्यांच्या शिकारीला गेली, वाम्पानोआग लोकांचा प्रमुख मॅसासॉइट सुमारे नव्वद माणसांसह आला, तीन दिवस खाणंपिणं झालं आणि पाहुण्यांनी पाच हरणं मारून आणली, एवढं त्यातून कळतं. शिकारीत कोणते पक्षी मिळाले हे विन्स्लो सांगत नाही. त्या भागात रानटी टर्की होत्या, तशीच बदकं आणि हंसही होते. म्हणजे खात्रीने सांगता येईल असा मांसाचा पदार्थ एकच, हरणाचं मांस. मका होता, आणि किनाऱ्यावर मासे आणि शिंपले भरपूर होते.

आजच्या टेबलावरच्या साइड डिशपैकी जवळजवळ एकही तिथे नव्हती. बटाटा मूळचा दक्षिण अमेरिकेतला असला तरी न्यू इंग्लंडमध्ये तो अजून पोचला नव्हता. रताळंही नव्हतं. क्रॅनबेरी दलदलीत उगवत होत्या, पण त्या आंबट फळांचा गोड सॉस करायला लागते तेवढी साखर वसाहतीत नव्हती. भोपळा होता, पण पाईसाठी लागणारा गव्हाचा मैदा, लोणी आणि भट्टी यांतलं काही नव्हतं. थोडक्यात, 'पारंपरिक' म्हणून आज मिरवणारं सगळं ताट नंतर जमलेलं आहे.

आणखी एक गोष्ट इथेच सांगायला हवी. प्लिमथ वसाहत ज्या जागेवर उभी राहिली, तिथे आधी पटक्सेट नावाचं गाव होतं. युरोपीय जहाजांबरोबर आलेल्या साथीत १६१६ ते १६१९ या काळात ते निर्मनुष्य झालं. या मेजवानीनंतर जेमतेम पन्नास-पंचावन्न वर्षांत, म्हणजे १६७५-७६ मध्ये, मॅसासॉइटचाच मुलगा मेटाकॉम आणि इंग्रज यांच्यात भयंकर युद्ध झालं आणि वाम्पानोआग समाज उद्ध्वस्त झाला. १९७० मध्ये मेफ्लॉवरच्या आगमनाला ३५० वर्षं झाली, तेव्हा वाम्सुटा फ्रँक जेम्स या वाम्पानोआग नेत्याला भाषणाचं बोलावणं आलं. भाषणाचा मसुदा वाचून आयोजकांनी तो नाकारला. जेम्स यांनी मग प्लिमथच्या कोल्स हिलवर, मॅसासॉइटच्या पुतळ्यापाशी लोक जमवले. तेव्हापासून दरवर्षी थँक्सगिव्हिंगच्याच दिवशी तिथे राष्ट्रीय शोकदिन पाळला जातो. ज्या वाम्पानोआग लोकांनी इंग्रजांना मका पेरायला शिकवलं त्यांच्या अनेक वंशजांना हा दिवस साजरा करावासा वाटत नाही, हे विसरून या सणाविषयी लिहिणं मला अप्रामाणिक वाटतं.

मग हा सण, आणि त्याचं ठरलेलं ताट, आलं कुठून? त्याचं मोठं श्रेय एका संपादक बाईंना जातं. सारा जोसेफा हेल यांचा जन्म १७८८ मध्ये न्यू हॅम्पशायरमधल्या न्यूपोर्ट गावी झाला. १८२२ मध्ये नवरा वारला, पदरात पाच मुलं. त्यांनी लेखणीवर संसार चालवला. 'मेरी हॅड अ लिटल लॅम्ब' हे जगभरातल्या बालवर्गांत म्हटलं जाणारं गाणंही त्यांचंच. १८२७ मध्ये आलेल्या 'नॉर्थवूड' या त्यांच्या कादंबरीत न्यू इंग्लंडमधल्या थँक्सगिव्हिंगच्या जेवणाला वाहिलेलं एक सबंध प्रकरण आहे. टेबलाच्या अग्रभागी स्टफिंग भरलेली भाजलेली टर्की, मग गोमांस, डुकराचं आणि मेंढीचं मांस, ग्रेव्हीचे वाडगे, भाज्यांच्या बशा, चिकन पाई आणि शेवटी भोपळ्याची पाई. आजच्या ताटाचा आराखडा तिथे जवळजवळ पूर्ण दिसतो.

पुढे हेल बाई 'गोडीज लेडीज बुक' या मासिकाच्या संपादक झाल्या. १८६० च्या सुमारास या मासिकाच्या दीड लाख प्रती खपत होत्या. त्या काळात देशात याहून प्रभावी व्यासपीठ क्वचितच असेल. दर वर्षी त्या एका दिवशी साऱ्या देशाने थँक्सगिव्हिंग करावं असा अग्रलेख लिहीत, राज्यपालांना आणि एकामागून एक राष्ट्राध्यक्षांना पत्रं पाठवत, आणि त्याच मासिकात टर्कीच्या, स्टफिंगच्या आणि पाईच्या कृती छापत. २८ सप्टेंबर १८६३ ला त्यांनी लिंकन यांना पत्र लिहिलं. यादवी युद्ध ऐन भरात होतं. ३ ऑक्टोबरला लिंकन यांनी नोव्हेंबरचा शेवटचा गुरुवार राष्ट्रीय आभारदिन म्हणून जाहीर केला. सण घोषणेने लागू झाला असेल, पण ताट मासिकाने घरोघर पोचवलं. एखाद्या संपादकाने संपूर्ण देशाला एका दिवशी एकच जेवण करायला लावल्याचं दुसरं उदाहरण मला तरी आठवत नाही.

तारखेचा घोळ पुढेही झाला. १९३९ मध्ये नाताळच्या खरेदीला आठवडा जास्त मिळावा म्हणून फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी सण एक गुरुवार अलीकडे ओढला. निम्म्याच राज्यांनी ते ऐकलं आणि देशात दोन थँक्सगिव्हिंग झाली. अखेर १९४१ च्या डिसेंबरात कायदा करून चौथा गुरुवार पक्का झाला.

आता एकेका भांड्याकडे वळू. पहिला मान क्रॅनबेरीला. टर्कीखेरीज १६२१ शी ज्यांचं थोडंफार नातं सांगता येतं, त्या मोजक्या पदार्थांपैकी हा एक. क्रॅनबेरी हे उत्तर अमेरिकेचं स्वतःचं फळ. करवंदाएवढं, लालभडक आणि तोंड वाकडं होईल इतकं आंबट. वाम्पानोआग लोक ते शतकानुशतकं खात आले आहेत. त्याची पद्धतशीर लागवड केप कॉडवरच्या डेनिस गावात हेन्री हॉल याने १८१६ च्या सुमारास सुरू केली. वाऱ्याने वाळू उडून आपल्या दलदलीतल्या वेलींवर पडते तिथे फळ जास्त धरतं, हे त्याच्या लक्षात आलं होतं. आजही शेतकरी वेलींवर वाळू पसरतात. काढणीच्या वेळी शेतात पाणी सोडतात, यंत्राने पाणी घुसळून फळं वेलीपासून सोडवतात आणि ती पाण्यावर तरंगू लागतात, कारण प्रत्येक फळाच्या पोटात हवेचे चार कप्पे असतात. ऑक्टोबरात विस्कॉन्सिनमध्ये किंवा मॅसॅच्युसेट्समध्ये गेलात तर तळीच्या तळी लाल झालेली दिसतात. देशातलं निम्म्याहून जास्त पीक एकटं विस्कॉन्सिन देतं.

सॉस करायला सोपा. साधारण साडेतीनशे ग्रॅम फळं, एक कप साखर, एक कप पाणी, आणि मध्यम आच. पाच-सात मिनिटांत फळं फुटायला लागतात. पातेल्यातून टप्-टप् आवाज येतो, पाणी आधी गुलाबी आणि मग गडद लाल होतं. गॅस बंद करताना सॉस पातळच दिसतो. नवखी माणसं घाबरून तो आणखी आटवत बसतात आणि मग तो चिक्कीसारखा घट्ट होतो. खरं तर फळातच पेक्टिन आणि आम्ल दोन्ही भरपूर असतं. साखरेबरोबर ते थंड झालं की आपोआप जमतं. संत्र्याची साल किसून घातली तर फारच उत्तम. टर्कीचं मांस कोरडं, ग्रेव्ही जड, बटाट्यात लोणी. या सगळ्यात जिभेला जाग आणणारं आंबट एवढंच असतं, म्हणून मी तरी क्रॅनबेरीशिवाय थँक्सगिव्हिंगचं ताट अपुरं मानेन.

पण कित्येक घरांत हा ताजा सॉस कोणी खात नाही. त्यांना डब्यातलाच हवा असतो. डबा उघडून पालथा केला की बशीत सुबक दंडगोल पडतो, त्याच्या अंगावर डब्याच्या कड्यांचे वळ तसेच. सुरीने त्याच्या चकत्या करायच्या. ही पद्धत मार्कस युरान या वकिलाची देणगी. वकिली सोडून तो क्रॅनबेरीच्या शेतीत उतरला. ताज्या फळाचा हंगाम जेमतेम दोन महिन्यांचा. तो वर्षभर ताणावा म्हणून १९१२ मध्ये त्याने मॅसॅच्युसेट्समधल्या हॅन्सन गावी सॉस डबाबंद करायला सुरुवात केली. १९३० मध्ये त्याने आणि दोन प्रतिस्पर्ध्यांनी मिळून शेतकऱ्यांची सहकारी संस्था उभी केली, तीच आजची ओशन स्प्रे. महाराष्ट्रातल्या वाचकाला साखर कारखान्यांमुळे सहकाराची ताकद नवीन नाही. इथे तो सहकार एका आंबट फळाभोवती उभा राहिला. याच पिकावर १९५९ मध्ये मोठं संकट आलं. सणाला अवघे सतरा दिवस उरले असताना, ९ नोव्हेंबरला, आरोग्य खात्याचे मंत्री आर्थर फ्लेमिंग यांनी जाहीर केलं, की काही क्रॅनबेरीत तणनाशकाचा अंश सापडला आहे आणि त्याने उंदरांना कर्करोग झालेला आहे. दुकानांनी डबे उचलून ठेवले. व्हाइट हाउसमध्ये त्या वर्षी सफरचंदाचा सॉस वाढला गेला. अन्नातल्या रसायनांबद्दलची देशव्यापी भीती अमेरिकेने अनुभवली त्या पहिल्या मोठ्या प्रसंगांपैकी हा एक होता.

डबाबंद सॉस ही एका मोठ्या बदलाची सुरुवात होती. विसाव्या शतकात थँक्सगिव्हिंगच्या ताटात जे पदार्थ नव्याने आले, त्यांतले बरेच कंपन्यांच्या प्रयोगशाळेसारख्या स्वयंपाकघरांत तयार झाले. रताळ्यावरच्या मार्शमेलोचंच पाहा. कुस्करलेल्या रताळ्यात लोणी घालून वर मार्शमेलो पसरायचे आणि ते फुगून तपकिरी होईपर्यंत भाजायचं. ऐकायला विचित्र वाटतं, पण अमेरिकेत लाखो घरांत त्यावाचून सण होत नाही. १९१७ मध्ये एंजेलस मार्शमेलो बनवणाऱ्या कंपनीने जॅनेट मॅकेन्झी हिल या नामवंत पाककला-लेखिकेकडून एक पुस्तिका लिहून घेतली. मार्शमेलो घरच्या स्वयंपाकात वापरायला लोकांना शिकवायचं, म्हणजे खप वाढेल, हा हेतू. त्या पुस्तिकेत ही कृती होती. पुस्तिका विसरली गेली, कृती मात्र आज्यांच्या नावावर जमा झाली.

फरसबीच्या कॅसेरोलची गोष्ट याहून सरस आहे. १९५५ मध्ये न्यू जर्सीतल्या कॅम्डेन इथे कॅम्बेल सूप कंपनीच्या चाचणी-स्वयंपाकघरात डॉर्कस रायली काम करत होत्या. ड्रेक्सेलमध्ये गृहविज्ञान शिकलेल्या, तिशीही न गाठलेल्या. असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेला एका लेखासाठी अशी कृती हवी होती, की जिचे जिन्नस कोणत्याही अमेरिकी घरात हमखास सापडतील. फरसबी आणि मश्रूमचं डबाबंद सूप, या दोन्ही गोष्टी त्या काळी फडताळात असायच्याच. रायली यांनी त्यांत दूध, थोडा सोया सॉस आणि मिरपूड घातली आणि वरून डब्यातला तळलेला कुरकुरीत कांदा. सहा जिन्नस, एक भांडं, दहा मिनिटांची तयारी. भाजी मऊ, सूप दाट, कांदा खुसखुशीत. चिरणं नाही, निवडणं नाही, सॉस घोटत उभं राहणं नाही. दिवसभर कारखान्यात किंवा कचेरीत राबून घरी येणाऱ्या बाईला सणाच्या आदल्या रात्री याहून काय हवं? पुढे ही कृती डब्याच्या वेष्टनावर छापली गेली आणि आईकडून मुलीकडे जावी तशी डब्याकडून सगळ्यांकडे गेली. २००२ मध्ये मूळ कृतीचं हस्तलिखित कार्ड राष्ट्रीय संशोधक-सन्मान संग्रहालयाला देण्यात आलं. २०१८ मध्ये ९२ व्या वर्षी रायली गेल्या, तेव्हा देशभरातल्या वर्तमानपत्रांनी त्यांच्यावर मृत्युलेख लिहिले.

झटपट स्टफिंग १९७२ मधलं. स्टोव्ह टॉप नावाने ते बाजारात आलं आणि त्यामागे रूथ सिम्स या गृहविज्ञानतज्ज्ञ होत्या. पावाचा चुरा किती मोठा असावा, म्हणजे गरम पाण्यात तो फुगेल पण लगदा होणार नाही, हे त्यांनी शोधून काढलं. १९७५ मध्ये मिळालेल्या पेटंटवर त्यांचं नाव पहिलं आहे. भोपळ्याच्या पाईचीही तीच कथा. असंख्य घरांत 'आमच्या आजीची' म्हणून सांगितली जाणारी पाई १९५० पासून लिबीज कंपनीच्या भोपळ्याच्या डब्यावर छापलेल्या कृतीने बनते, आणि त्या डब्यातला भोपळा मुख्यतः इलिनॉय राज्यातल्या मॉर्टन गावाच्या आसपास पिकतो.

हे कळल्यावर काहींचा हिरमोड होतो. परंपरा म्हणावी ती जाहिरात निघाली, असं त्यांना वाटतं. मला तसं वाटत नाही. कृती कुठून आली यापेक्षा ती कोणी, किती वर्षं, कोणासाठी केली याला महत्त्व आहे. सुझन स्टॅम्बर्ग या एनपीआर नभोवाणीवरच्या ज्येष्ठ निवेदिका दर नोव्हेंबरात आपल्या सासूबाईंची क्रॅनबेरी रेलिशची कृती श्रोत्यांना सांगत. कच्च्या क्रॅनबेरी, कांदा, साखर, सावर क्रीम आणि हॉर्सरॅडिश, सगळं वाटून गोठवायचं. रंग भडक गुलाबी. हा परिपाठ दशकानुदशकं चालला. पुढे उघड झालं, की सासूबाईंनी ती कृती १९५९ मध्ये न्यूयॉर्क टाइम्समध्ये क्रेग क्लेबोर्न यांनी दिलेल्या पाककृतीवरून उचलली होती. म्हणून ती सासूबाईंची राहिली नाही का? ज्या हातांनी ती वर्षानुवर्षं वाटली, तिच्यावर हक्क त्या हातांचा.

दक्षिणेकडे गेलं की ताटाचा रंग बदलतो. तिथे हा सण उशिरा रुजला. उत्तरेतल्यांनी लादलेला सण म्हणून गोऱ्या दाक्षिणात्यांनी तो बराच काळ दूर ठेवला होता. आज मात्र थँक्सगिव्हिंगचं सर्वांत भरगच्च ताट पाहायचं असेल तर दक्षिणेतल्या, त्यातही कृष्णवर्णीय कुटुंबांच्या घरी जावं. पक्ष्याच्या पोटात भरायचं स्टफिंग इथे परातीत वेगळं भाजतात आणि ते मक्याच्या पावाचं असतं. आदल्या दिवशी भाजलेला पाव कुस्करून त्यात कांदा, सेलरी, सेज आणि कोंबडीचा रस्सा. शेजारी डुकराच्या धुरी दिलेल्या मांसाबरोबर तासन्‌तास शिजवलेली कॉलर्डची पालेभाजी. आणि मॅकरोनी-चीज. उत्तरेत हा मुलांचा रोजचा खाऊ असेल, इथे तो मानाचा पदार्थ आहे. चीजचे दोन-तीन प्रकार, अंडी, दूध, वरचा थर खरपूस. तो कोणी करायचा हे कुटुंबात ठरलेलं असतं. नव्या सुनेला किंवा चुलतभावाला ती जबाबदारी सहजासहजी मिळत नाही, आधी वर्षानुवर्षं साधं काहीतरी आणून विश्वास कमवावा लागतो. या पदार्थामागे गुलामगिरीचा इतिहास आहे. थॉमस जेफरसन यांच्या मालकीचा गुलाम जेम्स हेमिंग्ज पॅरिसमध्ये फ्रेंच स्वयंपाक शिकून आला. अमेरिकेत मॅकरोनी-चीज रुजवण्यात त्याच्यासारख्या गुलाम आचाऱ्यांचा मोठा वाटा आहे. दुसऱ्याच्या टेबलासाठी शिकलेला पदार्थ त्यांच्या वंशजांनी आपल्या सणाचा केला.

भोपळ्याऐवजी इथे पाई रताळ्याची. रताळं म्हटलं की अलाबामातल्या टस्कगीचे जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर आठवतात. वीणा गवाणकरांच्या पुस्तकामुळे ते मराठी घराघरांत पोचलेले आहेत. कापसाने जमीन निकस झालेल्या गरीब कृष्णवर्णीय शेतकऱ्यांनी भुईमूग आणि रताळी लावावीत, ती कशी टिकवावीत आणि त्यांचं काय काय करावं, हे ते साध्या भाषेतल्या पत्रिकांमधून सांगत राहिले. दक्षिणेतल्या ताटात रताळ्याला जो मान आहे, त्यात या माणसाच्या कष्टांचा भाग आहे.

बाकीच्या प्रदेशांची वैशिष्ट्यं भराभर सांगतो. बाल्टिमोरमध्ये टर्कीबरोबर आंबवलेली कोबी, म्हणजे सावरक्राउट, हवीच. एकोणिसाव्या शतकात आलेल्या जर्मन कुटुंबांची ती खूण. न्यू इंग्लंडच्या किनाऱ्यावर स्टफिंगमध्ये कालवं पडतात. इटालियन घरांत टर्कीच्या आधी लझान्या येतो. पोर्टो रिकोचे लोक टर्कीलाच भाजलेल्या डुकरासारखा लसूण आणि ओरेगॅनोचा मसाला चोळतात आणि सोबत तुरीचे दाणे घातलेला भात करतात.

मिनेसोटात मात्र थोडं थांबायला हवं. तिथे साइड डिश म्हणून 'वाइल्ड राइस' असतो. हा आपला तांदूळ नव्हे. उथळ तळ्यांत उगवणाऱ्या वेगळ्याच गवताचं हे लांब, काळपट बी. ओजिब्वे लोकांसाठी ते पवित्र अन्न आहे, ते त्याला मानूमिन म्हणतात. उन्हाळा सरता सरता दोघं जण होडीत बसून तळ्यात शिरतात. एक जण लांब काठीने होडी पुढे रेटतो. दुसरा एका हातातल्या दांडक्याने ताटं होडीवर वाकवतो आणि दुसऱ्या हातातल्या दांडक्याने ती हलकेच झोडतो. पिकलेले दाणे होडीत पडतात, कच्चे ताटावरच राहतात आणि काही पाण्यात पडून पुढच्या वर्षीचं बियाणं होतात. मग दाणे वाळवायचे, कढईत परतायचे, फोल काढायचं, पाखडायचं. शिजल्यावर दाणा फुटून आतला पांढरा भाग दिसतो आणि भाजलेल्या सुक्यामेव्यासारखा वास सुटतो. थँक्सगिव्हिंगच्या टेबलावर या भूमीच्या मूळ मालकांचा ठसा ज्या थोड्या पदार्थांत स्पष्ट उरला आहे, त्यांत हा पहिला.

एवढे पदार्थ एका दिवशी, एका घरात होतात कसे? खरी अडचण ओव्हनची असते. बहुतेक घरांत ओव्हन एकच. सात किलोची गोठवलेली टर्की फ्रिजमध्ये वितळायलाच तीन-चार दिवस लागतात. म्हणजे ती रविवारी नाहीतर सोमवारी फ्रिजमध्ये यायला हवी. गुरुवारी ती १६५ अंश सेल्सियसला सुमारे चार तास ओव्हन अडवून बसते. पोटात स्टफिंग भरलं असेल तर त्याचाही गाभा ७४ अंशांपर्यंत तापायला हवा, नाहीतर जंतूंचा धोका. तोवर छातीचं मांस कोरडं पडतं. म्हणून अलीकडे बरेच जण स्टफिंग वेगळ्या भांड्यात भाजतात. वरून कुरकुरीत होतं हा आणखी फायदा. टर्की बाहेर काढल्यावर कापण्याआधी अर्धा-पाऊण तास तशीच ठेवायची असते, म्हणजे रस मांसात मुरतो. अनुभवी गृहिणीचं कसब या पाऊण तासात दिसतं. या वेळात कॅसेरोल, स्टफिंग, रताळी आणि पावाचे रोल एकापाठोपाठ ओव्हनमध्ये जातात आणि टर्की कापून होईतो सगळं वाफाळतं टेबलावर येतं. बटाटे शेगडीवर. ते हाताने कुस्करायचे, यंत्रात फिरवले की स्टार्च सुटून खळ होते.

म्हणूनच कामं वाटून घेतली जातात. यजमान टर्की आणि ग्रेव्ही करणार, मावशी पाई आणणार, धाकटा भाऊ रोल विकत आणणार. कोणी काय आणायचं हे कित्येक वर्षं बदलत नाही, आणि जो बदलू पाहतो त्याला विरोध होतो. नव्या जोडप्याच्या घरी माहेरचं स्टफिंग आणि सासरचं स्टफिंग अशी दोन भांडी मांडून तह झालेला असतो. मोठ्यांच्या टेबलावर जागा पुरत नाही म्हणून मुलांचं टेबल वेगळं लागतं, आणि तिथून मोठ्यांच्या टेबलावर बढती कधी मिळाली हे माणसं म्हातारपणीही विसरत नाहीत. जेवणाआधी प्रत्येकाने आपण कशासाठी कृतज्ञ आहोत ते सांगायचं, मग भांडी हातोहात फिरवायची. आजीची तूप-लोण्याचे डाग पडलेली कृतीची कार्डं अनेक घरांत दागिन्यांइतकी जपतात.

अमेरिकेतल्या मराठी घरांनीही हा सण आपला केला आहे. गुरुवार ते रविवार सलग सुट्टी, दिवाळीला बहुतेक ठिकाणी सुट्टी नसल्यामुळे राहून गेलेल्या भेटीगाठी, दूरच्या राज्यातून येणारे भाऊ-बहिणी. कुठे टर्कीला दही-मसाल्याचं वाटण लागतं, कुठे तिच्या जागी बिर्याणी येते, आणि भोवती बटाटे, फरसबी, क्रॅनबेरी असतातच. यांत आपल्याला परकं फारसं काही नाही. बटाटा, रताळं, मका, फरसबी आणि मिरची ही सगळी अमेरिका खंडांतूनच आपल्याकडे आलेली पिकं. एकादशीला आपण जे रताळं खातो, ते आणि अलाबामातल्या पाईतलं एकाच कुळातलं.

शाकाहारी मंडळींनी मात्र थोडी चौकशी करावी. साइड डिश म्हणजे भाजी असेल असं धरून चालू नये. स्टफिंगमध्ये बहुधा कोंबडीचा रस्सा असतो, ग्रेव्ही टर्कीचीच असते, दक्षिणेतल्या पालेभाजीत डुकराचं मांस असतं, मार्शमेलोत आणि जेलीच्या सॅलडमध्ये प्राण्यांपासून काढलेलं जिलेटिन असतं आणि पाईच्या आवरणात कधीकधी चरबी. क्रॅनबेरी सॉस, बटाटे आणि रोल सहसा निर्धोक. यजमानाला मोकळेपणाने विचारलं तर कोणालाही राग येत नाही, उलट तुमच्यासाठी वेगळं भांडं आनंदाने लावलं जातं.

आणि कोणी थँक्सगिव्हिंगला बोलावलं, तर जरूर जा आणि रिकाम्या हाताने जाऊ नका. काय आणू असं दोन-तीन दिवस आधी विचारा. निवड तुमच्यावर सोडली, तर ज्याला ओव्हन लागणार नाही असं काहीतरी न्या. काकडीची किंवा गाजराची लिंबू पिळलेली, फोडणी दिलेली कोशिंबीर उत्तम. त्या जड ताटाला आंबट, ताज्या चवीची गरज असतेच, आणि पुढच्या वर्षी लोक ती मागून घेतात.